बांगलादेश लहान असेल, पण आपलं गिऱ्हाईक मोठं होतं

पोस्ट मोठी आहे. पण ज्याच्या बराखीत कांदा आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावी.

मंचर, ओतूर, आळेफाटा, कुठल्याही बाजारात कांदा पडला की आडत्याचं एक उत्तर ठरलेलं असतं, "बांगलादेश बंद आहे." आपण मान डोलावतो, दहा किलोला जो भाव मिळेल तो घेतो आणि घरी येतो. मग रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतात. एवढासा देश, आपल्या कांद्यावर जगला आणि आता आपल्यालाच डोळे दाखवतो वगैरे.

या एवढ्याशा देशाचा जरा हिशेब मांडू.

बांगलादेश क्षेत्रफळानं महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी आहे. माणसं मात्र सतरा कोटींच्या आसपास, आणि कांद्याशिवाय त्यांचं कालवण होत नाही. कांदा तिथंही भरपूर पिकतो, पण दमट हवेमुळे साठवणुकीत फार नासतो. म्हणून वर्षाचे शेवटचे चार-पाच महिने त्यांना बाहेरून कांदा लागतो. नेमका त्याच काळात आपला उन्हाळ कांदा बराखीतून बाहेर निघतो. 2023-24 मध्ये भारतातून साधारण 17 लाख टन कांदा बाहेर गेला, त्यातला सात लाख टनांहून जास्त एकट्या बांगलादेशनं घेतला. दहातले चार कांदे. असं गिऱ्हाईक दुकानदाराला मिळालं तर तो रोज उठून त्याला चहा पाजेल.

आपण काय पाजलं?

29 सप्टेंबर 2019. एका दिवसात निर्यातबंदी. बांगलादेशात कांदा किलोला दोनशे टक्क्यांच्या वर गेला (टका म्हणजे त्यांचं चलन, टक्केवारी नव्हे). इजिप्त, तुर्कस्तानचा कांदा विमानानं आणायची वेळ त्यांच्यावर आली. बंदीनंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. उद्योजकांच्या कार्यक्रमात त्या हसत हसत म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, आणि पुढच्या वेळी बंदी घालायची असेल तर आधी कळवत जा. सभागृह हसलं. बातम्यांत ते विनोद म्हणून चाललं.

14 सप्टेंबर 2020. पुन्हा तेच. न कळवता बंदी, सीमेवर ट्रक उभे, ट्रकमध्ये कांदा सडला.

डिसेंबर 2022 मध्ये बांगलादेशचे वाणिज्यमंत्री दिल्लीत येऊन एक साधी मागणी करून गेले. तांदूळ, गहू, साखर, कांदा, आलं, लसूण या मालाचा आम्हाला वार्षिक कोटा ठरवून द्या. म्हणजे कमी द्या, पण नक्की द्या. हे बोलणं होऊन वर्ष झालं नाही तोच ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरचा किमान निर्यातदर आला. आणि 8 डिसेंबर 2023 ला सरळ बंदी.

ती बंदी आपल्या तालुक्यात कोणी विसरलेलं नाही. लाल कांदा बाजारात होता, उन्हाळ कांद्याच्या लागणी चालू होत्या, रोपाला, मजुरीला पैसे घातलेले होते. त्याच महिन्यात शिवनेरीवरून पुण्याला शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला, त्यातली पहिली मागणी हीच होती. बंदी उठली 4 मे 2024 ला, शिरूर लोकसभेच्या मतदानाच्या नऊ दिवस आधी. तीही 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण निघायला 1 एप्रिल 2025 उजाडलं.

म्हणजे दुकान पुन्हा पूर्ण उघडलं. पण तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या वाटेला लागलं होतं.

बांगलादेशनं काय केलं बघा. उन्हाळी-पावसाळी कांद्याचं बियाणं आपल्या शेतकऱ्यांना वाटलं. त्यात एन-53 नावाची जात आहे. ही आपल्या नाशिकच्या नावानं ओळखली जाणारी जात, आणि बियाणंही भारतातूनच गेलं. पाकिस्तान, चीन, तुर्कस्तान, इजिप्तशी व्यवहार जोडून ठेवले. आणि स्वतःचा कांदा निघायच्या दिवसांत आयातीचे परवाने बंद ठेवायला सुरुवात केली, म्हणजे त्यांच्या शेतकऱ्याला भाव मिळावा. 2025 मध्ये तर बराच काळ परवाने दिलेच नाहीत. 2024-25 मध्ये त्यांनी आपल्याकडून पाच लाख टनांच्या आत कांदा घेतला. भारताची एकूण कांदा निर्यात 2022-23 मध्ये 25 लाख टनांच्या आसपास होती, ती दोन वर्षांत साडेअकरा लाखांवर आली.

आता कोणी म्हणेल, ऑगस्ट 2024 मध्ये तिथलं सरकार पडलं, संबंध बिघडले, म्हणून हे झालं. तेही एक कारण आहे, नाही असं नाही. 2025 मध्ये त्यांनी जमिनीच्या मार्गानं येणारं आपलं सूत थांबवलं, आपण त्यांच्या कपड्यांची जमिनीवरची वाट बंद केली. पण एन-53 चं बियाणं काही एका वर्षात गावोगाव पोचत नाही. ती तयारी आधीची आहे. न कळवता नळ बंद झाला की माणूस विहीर खणतोच.

आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. आपलं सातगाव पठार बटाट्याचं. बियाणं पंजाबचं, जालंधरकडचं, मंचरला गाड्या लागतात. तिकडं भाव वाढला की इकडं पेठ, कुरवंडीत लागणीचं गणित बिघडतं. उद्या पंजाबनं रातोरात सांगितलं, यंदा बियाणं नाही, तर आपण किती वर्षं त्यांच्या भरवशावर बसू? एखादं. फार तर दोन.

आता दुसरी बाजू. याच बांगलादेशचा खरा संसार चालतो तो युरोपवर. त्यांच्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा, आणि त्यातला जवळपास निम्मा माल 27 देशांच्या युरोपियन युनियनमध्ये जातो. अतिगरीब देश म्हणून 2001 पासून त्यांना तिथं शस्त्रं सोडून सगळ्या मालावर शून्य आयातशुल्क आहे. ही सवलत कायमची नाही. बांगलादेश त्या गरीब देशांच्या यादीतून बाहेर पडायची तारीख ठरली 24 नोव्हेंबर 2026. ती ठरली कधी? 2021 मध्ये, पाच वर्षं आधी. त्यावर युरोपनं आणखी तीन वर्षांची मुदत दिली, म्हणजे 2029 पर्यंत. युरोप काही धर्मादाय संस्था नाही. स्वस्त कपडे त्यांनाही हवेत. पण सवलत काढायची तर आठ वर्षं आधी सांगून काढतात. कारखानदाराला मशीन घ्यायचं की नाही हे ठरवता येतं.

आणि युरोपचा अनुभव आपल्यालाही आहे की. नारायणगाव, जुन्नर पट्ट्यातली द्राक्षं तिकडं जातात. 2010 मध्ये औषधाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, बागायतदारांचं कंबरडं मोडलं होतं. नियम आजही जाचक आहेत, अंश तपासायचा, बागेची नोंदणी करायची, कुठलं औषध कधी बंद करायचं ते पाळायचं. शिव्या देत का होईना आपले लोक पाळतात. का? कारण छाटणी घेताना यादी हातात असते. नियम कडक असला तरी चालतो, आधी माहीत असला म्हणजे.

कांद्याच्या शेतकऱ्याला हेच मिळत नाही. त्याच्यावर परकी सरकारं जेवढी कडक नाहीत, तेवढं आपलं सरकार बेभरवशाचं आहे. हा एका पक्षाचा विषय नाही. कांदा महागला की दिल्लीत जो बसतो त्याचा हात त्याच कळीवर जातो.

शहरातल्या माणसाला ऐंशी रुपयांनी कांदा घ्यायला लावा, असं माझं म्हणणं नाही. त्याच्याही घरी महिना काढायचा असतो. त्यासाठी नाफेड, एनसीसीएफमार्फत साठा केला जातो. तो वेळेवर आणि नीट भावानं शेतकऱ्याकडून घ्या, टंचाईत बाहेर काढा. अगदीच गरज पडली तर निर्यातीवर मर्यादाही घाला. पण तीन गोष्टी करा.

एक, ऑक्टोबरात रोप टाकायच्या आधी त्या हंगामाचं निर्यात धोरण जाहीर करा आणि माल विकेपर्यंत बदलू नका.

दोन, बदलायचंच झालं तर किमान महिनाभर आधी सांगा. वाटेत असलेला आणि सौदा झालेला माल सोडा.

तीन, बांगलादेशनं मागितलेल्या वार्षिक कोट्यावर पुन्हा बोला. त्यांचा कांदा निघतो तेव्हा आपण थांबू, त्यांचा संपतो तेव्हा त्यांनी आपला घ्यावा. राजकारण गरम असताना हे अवघड आहे, पण गिऱ्हाईक परत आणायचा दुसरा रस्ता मला दिसत नाही.

हे दिल्लीत कोण सांगणार? आपले खासदार, आमदार, मंचर आणि जुन्नर बाजार समितीचे संचालक. मत मागायला येतात तेव्हा कांद्याच्या माळा घालून येतात. पुढच्या ग्रामसभेत या तीन मागण्यांचा ठराव घ्या, त्यांच्या हातात द्या आणि पोच घ्या. तोंडी आश्वासन नको.

आणि बाजारात पुन्हा कोणी म्हणालं "बांगलादेश बंद आहे", तर एवढं विचारा की आधी बंद कोणी केला होता.

तुमच्या गावात यंदा किती कांदा बराखीत आहे, काय भाव मिळाला, कमेंटमध्ये लिहा. पावती असेल तर फोटो टाका. पुढच्या पोस्टमध्ये सगळं एकत्र मांडतो.

#कांदा #सातगाव_पठार #आंबेगाव #जुन्नर