अर्ध्या कोयत्याच्या बाळंतपणाची रजा



गळिताचा हंगाम आला की आपले बोलणे तोडीची तारीख, साखर उतारा आणि पहिली उचल यांच्या पलीकडे जात नाही. टोळी आली, गाडी भरली, काट्यावर वजन झाले, की जीव भांड्यात पडतो. त्या टोळीत दिवस गेलेल्या बाया किती, ओल्या बाळंतिणी किती, हे कोणी विचारत नाही. ते मुकादमाचे काम, असे म्हणून आपण मोकळे होतो. यंदा ते आपण विचारावे, असे आम्हाला वाटते.

कचेरीत नोकरीला असलेल्या बाईचा प्रश्न सरळ आहे. १९६१ साली मातृत्व लाभ कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा मिळाली, त्यापुढच्याला १२. हेच हक्क २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतले आहेत. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरले की झाले. म्हणजे हंगामी बाईचेही ८० दिवस एका हंगामात सहज भरतात. करारावरच्या नोकरीची मुदत संपली तरी हा लाभ थांबत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०२३ साली सांगितले आहे.

फडातल्या बाईचे मात्र तसे नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, बाई म्हणजे अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेबही नवऱ्याशीच. कारखाना म्हणतो, माणसे ठेकेदाराची. ठेकेदार म्हणतो, मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी तर जोडीला पैसे दिले. कोणाच्याच वहीत तिचे नाव नाही. ती एक दिवस पडून राहिली तर खाडा मात्र बिनचूक मांडला जातो! म्हणून पोटात नऊ महिन्यांचे पोर असताना ती मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढते, आणि कोपीत बाळंत झाली की चार दिवसांत परत फडात उभी राहते.

याचा शेवट कुठवर जातो ते बीड जिल्ह्याने दाखवले. २०१९ साली तिथल्या ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक बायांच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. दुखणे होतेच, पण खाड्याची धास्तीही होती. ते बीडचे, आपले नाही, असे कोणी म्हणू नये. आपल्याच धडगाव-अक्कलकुव्याची माणसे दरसाल बारडोलीकडे ऊस तोडायला जातात. तिकडे आपल्या लेकीबाळींचे हाल झाले तर आपण हळहळतो. मग आपल्या फडात जी येते, ती कोणाची लेक?

आता कायदा बघा. १९६१ च्या कायद्यात बाई म्हणजे कोण, तर थेट किंवा कोणत्याही एजन्सीमार्फत मजुरीवर लावलेली बाई. मुकादम ही एजन्सी नाही तर काय? फड म्हणजे कारखाना नव्हे, असा वाद वकील घालतील, घालोत. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावर रोजंदारीने रस्ते खोदणाऱ्या बायांनाही हा हक्क आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २००० साली दिला. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते, ते फार थोड्यांना माहीत आहे: बाळंतपणानंतर ६ आठवडे बाईला कामावर लावायलाच मनाई. ती स्वतः येते म्हणाली तरी.

‘भाऊ, आधीच तोडणी-वाहतूक आमच्या बिलातून कापता, त्यात हा नवा बोजा कशाला?’ हा प्रश्न आम्हाला ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. पण १९२८ साली मुंबई कौन्सिलात याच विषयाच्या बिलावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते ते ध्यानात घ्या. आईची विश्रांती साऱ्या राष्ट्राच्या हिताची, म्हणून मोठा भार सरकारने उचलावा. पण तिच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, त्यालाही हात झटकता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. फडातल्या श्रमाचा फायदा कोण घेतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. सरकारच्या मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळाला ५ हजार रुपये मिळतात, ते तिने जरूर घ्यावेत. पण तेवढ्याने खाडा भरून निघत नाही.

हिशेब करू. जोडी दिवसाला दोन टन तोडते असे धरा. जानेवारी २०२४ च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला साडेतीनशेच्या पुढे गेला. सोयीसाठी ३५०च धरू. बाईच्या वाट्याला दिवसाचे ३५० आले. १२ आठवड्यांचे ८४ दिवस (रविवार गाळायचे नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने १९७७ सालीच सांगून ठेवले आहे) म्हणजे २९ हजार ४०० रुपये. ४ लाख टन गाळपावर टनामागे १ रुपया काढला तर १३ बाळंतिणींची सोय होते. १०० टन ऊस घालणाऱ्याला याचे १०० रुपये पडतात. गाडी लवकर भरावी म्हणून एका फेरीला यापेक्षा जास्त खुशाली आपण मुकाट देतो! पूर्ण २६ आठवडे द्यायचे तर एका बाईमागे ६३ हजार ७०० लागतील. तेवढे एकदम झेपणार नाही, हे आम्हीही जाणतो. टनामागे पैसा काढणे नवे नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे ठरलेलेच आहे.

तेव्हा येत्या वार्षिक सभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. मुकादमाच्या करारनाम्यात प्रत्येक जोडीतील बाईचे नाव व वय वेगळे लिहावे. बाळंतपणाचा खाडा मांडू नये. तिचे १२ आठवड्यांचे पैसे तिच्याच बँक खात्यात पडावेत, मुकादमाच्या हातात नव्हे. आणि हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात शेतकी खात्याच्या चिटबॉयने टोळीवार यादी करून ती दवाखान्याकडे द्यावी. ठरावाला सूचक आहे, अनुमोदक हवा.