थकव्याचा रकाना



संधिवाताच्या बायका आपल्या बैठकीत बोलू लागल्या की दुखण्याच्या जोडीला एक गोष्ट हटकून निघते. "रात्रभर झोपले तरी सकाळी अंगात त्राण नसतं." घरच्यांना तो आळस वाटतो. डॉक्टरांच्या कागदावर सुजलेले सांधे असतात, रक्ताचा रिपोर्ट असतो. थकव्याला रकाना नसतो. संशोधनात हा रकाना कसा आला, ते या अंकात मला मुद्दाम सांगायचे आहे.

ऱ्हुमॅटॉइड संधिवात पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट होतो. त्यावरचे नवे औषध लागू पडले की नाही, हे कशावरून ठरवायचे? तज्ज्ञांचे यावर एकमत व्हावे म्हणून १९९२ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला 'ओमेरॅक्ट' ही परिषद भरली. त्या सुमारास सात मोजमापे ठरली : दुखरे सांधे, सुजलेले सांधे, वेदना, रोजच्या कामांतली अडचण, रुग्णाचे एकंदर मत, डॉक्टरांचे एकंदर मत आणि रक्तातून कळणारा दाह. यादी वाईट नव्हती. रुग्णाच्या मतालाही तिच्यात जागा होती. पण काय विचारायचे हे ठरवताना त्या परिषदेत रुग्ण नव्हते.

ते आले २००२ साली, ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टच्या सहाव्या परिषदेत. त्यांनी सांगितले, आम्हाला थकवा छळतो, झोप लागत नाही, एकूणच बरे वाटत नाही. हे तुम्ही मोजतच नाही. थकवा कसा मोजणार, तो तर सगळ्यांनाच येतो, ही शंका आपल्या ओळखीची आहे. पण वेदना तरी कुठल्या यंत्रात दिसते? तीही रुग्णाच्या शब्दावरच मोजली जाते. पुढे अभ्यास तपासले गेले आणि २००६ साली माल्टातल्या परिषदेने मान्य केले की या आजाराच्या औषधचाचण्यांत शक्य तिथे थकवाही मोजावा. जे बायका वर्षानुवर्षे सांगत होत्या, ते कागदावर यायला पहिल्या परिषदेपासून चौदा वर्षे लागली.

रकाना असला तरी त्यात कुणाचे जगणे मावते, हाही प्रश्न उरतोच. कामांतली अडचण मोजणारी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली १९८० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला तयार झाली. दुधाचा नवा पुठ्ठ्याचा डबा उघडता येतो का? टबात बसून आंघोळ करता येते का? आपल्यातल्या कितीजणींना याचे उत्तर देता येईल? दिल्लीच्या डॉक्टरांनी २००२ साली तिचे भारतीय रूप प्रसिद्ध केले. त्यात संडासात उकिडवे बसणे, मांडी घालून बसणे, रिक्षात चढणे-उतरणे, भाजीबाजार करणे आले. आपल्या देशात गुडघ्यांना खरी परीक्षा द्यावी लागते ती इथेच.

तरीही कणीक मळणे, चादर पिळणे, कुकरचे झाकण लावणे, कडेवर मूल घेणे यांचे काय? सांधे मोजण्याच्या प्रचलित अठ्ठावीसच्या यादीत घोटे आणि पावले नाहीत. ओट्याशी तासन्‌तास उभी राहणारी बाई मात्र पावलांवरच उभी असते.

घरकामाची मोजदाद होत नाही म्हणून ते काम ठरत नाही, हे आपण कितीदा म्हटले आहे! आजाराचेही तसेच आहे. विचारले नाही ते नोंदले जात नाही, आणि नोंदले नाही त्यावर इलाज शोधला जात नाही. म्हणून दवाखान्यात जाताना दोन गोष्टी लिहून न्या : थकवा किती आहे, आणि कोणते काम आता जमत नाही. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. ती यादी आम्हालाही पाठवा. पुढच्या अंकात आपण ती एकत्र मांडू.