बॉनेटखालची आग आणि अंगणातली दुरुस्ती

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, म्हणजेच ‘ई-२०’वरून, २०२५ साली देशभर मोठा वाद झाला. मायलेज किती घटते, इंजिनाचे आयुष्य कमी होते का, ग्राहकाला दुसरा पर्याय का नाही, असे प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळून लावली. या गदारोळात केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाच्या ऑगस्टमधील खुलाशातील एक मुद्दा मात्र फारसा कोणी उचलला नाही. काही जुन्या वाहनांत सुमारे २० ते ३० हजार किलोमीटरच्या वापरानंतर रबराचे काही भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतील. हे काम कमी खर्चाचे असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सहज होते, असा त्याचा आशय होता.

या विधानातील ‘नेहमीचे सर्व्हिसिंग’ हे शब्द तपासून पाहण्याजोगे आहेत. बारा-पंधरा वर्षे जुनी मोटार कंपनीच्या अधिकृत केंद्रात क्वचितच जाते. वॉरंटी केव्हाच संपलेली असते आणि तिथले एकेक बिल गाडीच्या उरलेल्या किमतीशी स्पर्धा करू लागते. मग गाडी नाक्यावरच्या मेकॅनिककडे जाते, किंवा मालक स्वतःच रविवारी सकाळी मोबाइलवर व्हिडिओ लावून बॉनेट उघडतो. दरडोई वाहनसंख्येत आपले राज्य देशात आघाडीवर आहे. अंतर्भागातील गावांत संध्याकाळनंतर बस मिळण्याची खात्री नसते. त्यामुळे पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून जुनी गाडी चालवत राहणे ही अनेक कुटुंबांची हौस नसून गरज आहे.

या काटकसरीत गैर काही नाही. परंतु तिच्यामुळे दुरुस्तीतील धोका कारखान्याच्या शेडमधून घराच्या पडवीत आला आहे. तिथे शेजारी स्वयंपाकघर असते, गॅसचा सिलिंडर असतो, बाजूला स्कूटर उभी असते, अंगणात सुक्या झावळ्या पडलेल्या असतात आणि मुले खेळत असतात. इथेनॉलमुळे गाड्या पेट घेतात असे म्हणायला कोणताही आधार नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. प्रश्न आहे तो जुन्या रबराचा. वर्षानुवर्षे इंजिनाच्या उष्णतेत तापलेली नळी कडक होते, तिला भेगा पडतात आणि जोडाजवळ थेंब दिसू लागतात. ते थेंब कोणत्या पेट्रोलचे आहेत याच्याशी ठिणगीला काही देणेघेणे नसते.

आग लागते कशी?

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. ही वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते. आपल्या हवेत तर ती क्षणाक्षणाला तयार होत असते. शिवाय ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. त्यामुळे ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साचते. म्हणूनच ठिणगी गाडीतच पडायला हवी असे नाही. पडवीतला पंपाचा स्विच, इन्व्हर्टर, फ्रिज किंवा सांजवेळी तुळशीवृंदावनापाशी लावलेला दिवासुद्धा पुरेसा ठरू शकतो.

डिझेलबद्दल उलटा गैरसमज आहे. काडी लावली तरी ते सहज पेटत नाही, म्हणून ते सुरक्षित मानले जाते. पण डिझेलला ठिणगीविना आपोआप पेटायला पेट्रोलपेक्षा कमी तापमान लागते. तापलेल्या एक्झॉस्टवर किंवा टर्बोवर डिझेलचा बारीक फवारा उडाला, तर ठिणगीची गरजच उरत नाही. इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइलही याच जातीचे. ऑइल बदलताना खाली सांडलेला ओघळ किंवा एक्झॉस्टवर विसरलेला तेलकट फडका गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांनी धुमसू लागतो, तो याचमुळे.

दुसरे कारण बॅटरी. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून आपण तिच्याशी निर्धास्तपणे वागतो. मात्र पान्याचे एक टोक पॉझिटिव्हला आणि दुसरे गाडीच्या पत्र्याला टेकले, तर त्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो. पाना लाल होतो आणि वायरचे आवरण पेटते. यासाठीच बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढायची आणि जोडताना ती शेवटी लावायची, असा नियम आहे. निगेटिव्ह सुटली की पत्रा विद्युतमंडलातून बाहेर पडतो. मग पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो हवेत चार टक्के असला तरी भडका उडू शकतो. चार्जरचे चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करावा तो याच कारणासाठी. दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून आपली गाडी सुरू करताना शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला लावावा.

तिसरे कारण वायरिंग, आणि ते आपल्या हवामानाशी जोडलेले आहे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर गंज चढतो, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो. पावसाळ्यात उंदीर उबेसाठी इंजिनापाशी घर करतात. सुके गवत, काथ्या, चिंध्या तिथे आणून ठेवतात आणि वायरी कुरतडतात. कधीकधी इंधनाची नळीही त्यांच्या दातांखाली येते. त्यात आपण बाहेरून बसवलेले जादा दिवे, मोठा हॉर्न आणि म्युझिक सिस्टीम यांचा भार घालतो. फ्यूज वारंवार उडू लागला की त्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार टाकली जाते. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. तो उडायचे थांबला, तर त्याच्या जागी वायर जळते.

पाना हातात घेण्यापूर्वी

बहुतेक खबरदाऱ्या बिनखर्चाच्या आहेत. त्यांचा क्रम मात्र पाळावा लागतो. गाडी पडवीतून बाहेर, मोकळ्या हवेत आणि घरापासून दूर घ्यावी. चाकांना अटकाव लावावा आणि इंजिन किमान तास-दोन तास थंड होऊ द्यावे. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. प्रकाशासाठी काचेचा बल्ब नको. तो फुटला तर त्याची तापलेली तार उघडी पडते. एलईडी टॉर्च वापरावा. एकट्याने काम करू नये, घरातील कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावे.

इंधनाच्या नळीला हात लावायचा असेल, तर आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत इंजिन बंद केल्यावरही नळीत दाब राहतो. सर्वसाधारणपणे तो ३ बारच्या आसपास, म्हणजे टायरमधील हवेपेक्षा जास्त असतो. नळी तशीच ओढली तर पेट्रोलचा फवारा अंगावर येतो. म्हणून आधी इंधन पंपाचा फ्यूज काढावा, इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडू द्यावे, मग इंजिन थंड करून बॅटरी सोडवावी आणि जोडावर फडका धरून नळी हळूहळू सैल करावी. आधुनिक डिझेल गाड्या आणि थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या पेट्रोल गाड्या यांतील दाब याच्या कितीतरी पट असतो. सीएनजीची नळी आणि इलेक्ट्रिक गाडीची मुख्य बॅटरी यांचेही तसेच आहे. ही कामे घरी करायची नसतात.

बाटलीतून पेट्रोल ओतून जुनी गाडी सुरू करण्याची पद्धत अजूनही अनेक ठिकाणी दिसते. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतले आणि इंजिनाने उलट भडका मारला, की ज्वाळा बाटलीपर्यंत येते आणि बाटली माणसाच्या हातात असते. गाडी सुरू होत नसेल, तर ती ढकलत मेकॅनिककडे नेलेली परवडते.

भडका उडालाच तर

आग विझवण्याच्या सूचना बहुधा रस्त्यावरच्या गाडीसाठी दिलेल्या असतात. तिथे बॉनेट बंद असते आणि ते उघडू नये, असा सल्ला दिला जातो. तो बरोबर आहे. बॉनेट उघडताच हवा आत शिरते आणि ज्वाळा तोंडावर येतात. बंद बॉनेटखालून धूर येत असेल, तर आतली कळ ओढून पडणाऱ्या फटीतूनच अग्निशामक चालवावा. घरच्या दुरुस्तीत मात्र बॉनेट आधीच उघडे असते आणि माणूस त्यावर वाकलेला असतो. अशा वेळी पहिले काम मागे सरण्याचे. पान्याकडे, मोबाइलकडे, पेट्रोलच्या डब्याकडे हात नेऊ नये. मोठ्याने ओरडून घरच्यांना दूर करावे आणि दोन मीटरवरून, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, ज्वाळेच्या मुळाशी पावडरचा झोत डावी-उजवीकडे फिरवावा.

एक किलोचा अग्निशामक साधारण आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो. घरासाठी दोन किलोचा ‘एबीसी’ पावडरचा घेणे शहाणपणाचे. तो गाडीच्या डिकीत ठेवून उपयोग नाही. दुरुस्तीच्या वेळी तो आपल्या पाठीमागे, बाहेर पडण्याच्या वाटेवर असला पाहिजे. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे अधूनमधून पाहावे. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. जमिनीवर सांडलेल्या पेट्रोलसाठी कोरडी वाळू उपयोगी पडते.

एक अग्निशामक संपला आणि आग विझली नाही, तर प्रयत्न तिथेच थांबवावेत. सगळ्यांना घेऊन दूर जावे आणि ११२ किंवा १०१ वर फोन करावा. जळत्या गाडीचे टायर फुटतात, बॉनेट उचलून धरणारे वायूचे दांडे गोळीसारखे सुटू शकतात आणि जळणाऱ्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो. आग विझल्यासारखी दिसली तरी लगेच वाकून पाहू नये. धातू तापलेलाच असतो आणि वाफ पुन्हा पेटू शकते. कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये, जमिनीवर पडून लोळावे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतले काहीही लावू नये आणि १०८ ला कळवावे.

नुकसान कोण भरून देणार?

विम्याबद्दलचा गैरसमज आग विझल्यानंतर लक्षात येतो. जुन्या गाडीचे मालक बहुधा कायद्याने सक्तीचा असलेला तृतीयपक्ष विमाच घेतात. आपली गाडी जळाली, तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण देणारी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. गाडीबरोबर आपले घर जळाले, तर तेही गाडीच्या विम्यात येत नाही. म्हणजे ज्या कुटुंबाला नवी गाडी परवडत नाही, त्याच कुटुंबावर पूर्ण नुकसान पडते.

म्हणून हा विषय केवळ वैयक्तिक दक्षतेवर सोडून चालणार नाही. रबराचे भाग बदलावे लागू शकतात असे सरकार म्हणत असेल, तर कोणत्या मॉडेलचे कोणते भाग, किती वर्षांनी आणि साधारण किती किमतीत, याची यादी वाहन कंपन्यांनी जाहीर करावी, अशी सक्तीही सरकारनेच केली पाहिजे. ती स्थानिक भाषांत हवी आणि ते भाग साध्या दुकानातही मिळायला हवेत. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाच्या वेळी इंधनाच्या नळ्या आणि बाहेरून जोडलेले वायरिंग यांची तपासणी खरोखर व्हावी.

अग्निशमन दलाकडे यासाठी संधी तयारच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात बळी पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळला जातो. त्यातील प्रात्यक्षिके शाळा-कचेऱ्यांपुरती न ठेवता पंचायतींच्या आवारात आणि गावच्या गॅरेजवाल्यांसमोर, उघड्या बॉनेटच्या गाडीवर घेता येतील. आज आयत्या वेळी अग्निशामकाची पिन शोधणाऱ्या माणसाच्या हाताला ती आधी एकदा ओढल्याची सवय होईल.

सरकारचे काम होईल तेव्हा होईल. तोवर या रविवारी थंड इंजिनाचे बॉनेट उघडून इंधनाची नळी बोटांनी दाबून पाहावी. ती कडक लागली, भेगाळलेली दिसली किंवा हाताला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू न करता आधी मेकॅनिकला बोलावावे.