पाटी लिहिणाराही हवा

पांडेसऱ्यातील डाइंग मिलमध्ये कॉस्टिक सोडा रोजचाच. तो पाण्यात हळूहळू घालायचा. उलट त्यावर पाणी ओतले तर उसळून अंगावर उडते. पिंपावरची सूचना मात्र पुष्कळदा इंग्रजीत आणि हाताळणारा खानदेशचा, नाहीतर ओडिशाचा. सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही हव्यात, असे १९४८ च्या कारखाना कायद्यातच म्हटले होते. पण लिहिणार कोण? नुसते भाषांतर पुरत नाही. आधी काय करायचे, मग काय, हे लिहिणाऱ्याला कळावे लागते. याला टेक्निकल रायटिंग म्हणतात आणि तो चांगल्या पगाराचा पेशा आहे. आपली मुले तर घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती-हिंदी बोलतात! डॉक्टर-इंजिनियरच्या यादीत पालकांनी हेही नाव घालावे. विश्वस्तांनी निबंधाच्या जोडीला सूचनालेखनाचा एक तास द्यावा, अशी आमची विनंती आहे.