तीन राण्यांची बाग

घरात आजी, आई आणि काकू, तिघी विधवा. त्यांना निवांत राहता यावं म्हणून कोरियाचा राजा सॉन्गजोंग याने सेऊल शहरात एक राजवाडा बांधला. १४८४ साली तो पुरा झाला. नाव छांगग्यॉन्गगुंग. मागची मोठी बाग मात्र शेजारच्या वाड्याशी सामाईक.

ही बाग म्हणजे फुलांचे ताटवे आणि कारंजी नव्हेत. टेकडीच्या उतारावरची झाडं शक्यतो तशीच ठेवायची, चौकोनी तळं बांधायचं, त्यात गोल बेट ठेवायचं. चौकोन म्हणजे धरती, गोल म्हणजे आकाश. आणि जागा हेरून एक छोटा मंडप उभारायचा. त्याला तिकडे ‘जोंगजा’ म्हणतात. उंचावर लाकडी बैठक, वर छप्पर, चारी बाजू मोकळ्या. एका मंडपाचे तर दोन खांब पाण्यातच उभे आहेत! तिथे बसायचं आणि पाऊस, झाडं, डोंगर बघत राहायचं. जवळच भातखाचरं होती. राजा स्वतः तिथे शेती करून पीकपाण्याचा अंदाज घेई.

पुढे जपानची सत्ता आली. १९०९ साली वाड्याच्या आवारात प्राणिसंग्रहालय आलं, झाडांसाठी मोठं काचघर उभं राहिलं. कितीतरी जुन्या इमारती पाडल्या. भातखाचरं खणून तळं केलं, त्यात होड्या फिरू लागल्या. १९११ साली नावातला ‘गुंग’, म्हणजे राजवाडा, हा शब्द काढून ‘वॉन’, म्हणजे बाग, असा शब्द घातला. जपान्यांच्या आवडीची चेरीची झाडं शेकड्यांनी लावली आणि १९२४ पासून दिव्यांच्या उजेडात रात्रीचा फुलांचा सोहळा सुरू झाला.

आता खरं सांगायचं, तर लोकांना ते आवडलं. १९४५ साली देश स्वतंत्र झाला, तरी पोराबाळांना घेऊन, डबे बांधून माणसं तिथेच सहलीला जात राहिली. हत्ती पाहून हरखलेल्या मुलाला कोण सांगणार, की बाळा, हे राजाचं घर होतं?

पण अखेर त्यांनी मन घट्ट केलं. १९८३ साली वाड्याला जुनं नाव परत मिळालं. प्राणी शहराबाहेर नेले, चेरीची काही झाडं योइदो बेटावर हलवली, पाडलेल्यातल्या काही इमारती पुन्हा बांधल्या. काचघर आणि तळं मात्र ठेवलं. तेही घडलेलंच होतं ना!

मला वाटतं, घर नुसतं मोडलं तर आठवण तरी राहते. पण त्याचं नाव बदलून तिथे गंमतजंमत भरली, की आपण हसतहसत विसरतो. म्हणून जुन्या घरातली अडगळ काढताना आधी एक विचारावं: या कोपऱ्यात कोण बसत होतं? मग काय ते हलवावं.