दोन अक्षरांचें नांव

हल्लीं बारसें जवळ आलें कीं घरोघर एकच शोध सुरू होतो. नांव दोन अक्षरांचें हवें, कानास गोड हवें आणि आळींत दुसऱ्या कोणाचें नसावें. पूर्वीं आत्याबाई बाळाच्या कानांत कुर्रर्र करून नांव सांगे. आतां देशोदेशींच्या नांवांच्या याद्या तें काम करूं लागल्या आहेत. यादींत प्रत्येक नांवापुढें एक गोंडस अर्थ दिलेला असतो आणि आईबाप तो बिनतक्रार खरा मानतात. लहान नांवाशीं आमचें वैर नाहीं. हांक मारावयास तें सोयीचेंच. आमचें म्हणणें त्या अर्थाविषयीं आहे.

‘अरि’ हें नांव घ्या. हिब्रू भाषेंत त्याचा अर्थ सिंह. आइसलंडांत तेंच नांव, उच्चारांत थोडा फरक होऊन, गरुडवाचक आहे. आणि आमच्या संस्कृतच्या वर्गांतील कोणाही मुलास विचारा, तो तत्काळ सांगेल, ‘शत्रु’! तिन्ही अर्थ खरे आहेत. पण बाळ वाढणार कोणत्या गांवीं, हा प्रश्न यादी विचारीत नाहीं. जपानांत मुलीचें नांव ‘आइ’ असतें. एका चित्राक्षरानें तें लिहिलें तर प्रेम, दुसऱ्यानें लिहिलें तर नीळ. तेथें अर्थ ध्वनींत नसून लेखणींत आहे. आपल्याकडे मात्र त्या मुलीस हांक मारतांच शेजारणीला वाटेल कीं कोणी आईलाच बोलावीत आहे.

पश्चिम आफ्रिकेंत घाना देशांतील आकान लोकांस असा शोध करावाच लागत नाहीं. जन्माचा वार आपलें नांव बरोबर घेऊन येतो. गुरुवारचा मुलगा याव, शुक्रवारचा कोफी, शनिवारची मुलगी आमा. १९९७ ते २००६ या काळांत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस असलेले कोफी अन्नान शुक्रवारीं, ८ एप्रिल १९३८ रोजीं जन्मले. त्यांचें मधलें नांव ‘आट्टा’, म्हणजे जुळ्यांपैकीं एक. त्यांच्याबरोबर एक बहीण जन्मली होती. दोन इवलींशीं नांवें, पण ऐकणाऱ्यास वारही कळे आणि बहीणही कळे. ब्रह्मदेशांतही वारावरून नांवाचें आद्याक्षर ठरविण्याची जुनी चाल आहे. आपल्या पंचांगांत तें नक्षत्राच्या चरणावरून काढतात, तसेंच. १९६१ पासून १९७१ पर्यंत त्याच सरचिटणीसपदावर असलेले ऊ थांट यांच्या नांवांतील ‘ऊ’ हें केवळ आदरार्थी. खरें नांव ‘थांट’ एवढेंच, अर्थ निर्मळ. आडनांव नाहींच. गंमत अशी कीं, त्यांचाही जन्म शुक्रवारचाच!

सांगावयाचें तें असें कीं, या नांवांचा अर्थ कोशांतून आलेला नाहीं. जीं माणसें हांक मारतात त्यांना तो न सांगतां कळतो. आपल्याकडील धोंडू आणि दगडू हीं नांवेंच पाहा. आमचे विद्यार्थिमित्र त्यांस हंसतात. परंतु ज्या घरीं लेंकरें जगत नसत, त्या घरीं काळाची दृष्ट पडूं नये म्हणून आई पोटच्या गोळ्याला दगड म्हणे. त्या नांवांत माया ओतप्रोत भरलेली आहे. एखाद्या यादींत त्याचा अर्थ ‘पाषाण’ म्हणून छापला, तर कोशाप्रमाणें तो बरोबर आणि तरीही खोटा ठरेल.

याच्या उलट ‘नकुशी’. मुलगा हवा असतां पुन्हा मुलगी झाली, म्हणून तिला नकोशी म्हणावयाचें! येथें मात्र शब्दाचा अर्थ आणि ठेवणाऱ्याच्या मनांतला अर्थ एकच. आणि शाळेच्या हजेरींत तो रोज मोठ्यानें वाचला जावयाचा. आमच्या मतें याहून लहान वयांत मोठी शिक्षा नाहीं. सातारा जिल्ह्यांत ऑक्टोबर २०११ मध्यें एका समारंभांत अशा २८५ मुलींनीं जुनीं नांवें टाकून नवीं घेतलीं. कोणी वैशाली झाली, कोणी सिनेमांतील नटीवरून ऐश्वर्या झाली. नटीचें नांव घेतलें म्हणून नाकें मुरडणारे मुरडोत. त्या मुलींनीं तीं नांवें आपलीं आपण निवडलीं होतीं.