भाडं नऊ हजार, हातात किती?

आमच्या हुणसूरमध्ये चार माणसं चहाला बसली की विषय ‘साइट’वर येतो. साइट म्हणजे प्लॉट, आणि तीस बाय चाळीस हे इथलं ठरलेलं माप. म्हैसूर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर, त्यामुळे ज्याच्याकडे थोडे पैसे साठले तो म्हणतो, एक घर घेऊन टाकू, भाडं येत राहील. तुमच्याही मनात हे असेल तर आधी माझ्या मामाची गोष्ट ऐका.

मामा निवृत्त झाला आणि त्याने तीस लाखांचं घर ठरवलं. ‘तू इंग्लिश बीए, कागद वाच,’ म्हणून मला बोलावलं. कागद ठीक होते, पण त्याच्याकडे मोजून तीसच लाख होते.

कर्नाटकात अशा खरेदीला ५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. त्या शुल्कावर १० टक्के सेस आणि शहरी हद्दीत २ टक्के अधिभार. नोंदणी शुल्क आधी १ टक्का होतं, ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस ते २ टक्के झालं. एकूण ७.६ टक्के, म्हणजे तीस लाखांवर २ लाख २८ हजार. शिवाय दलाल आणि वकील वेगळे. हे शुल्क सरकारी दर आणि तुमची किंमत यांत जी रक्कम जास्त असेल तिच्यावर बसतं, त्यामुळे ‘कागदावर कमी दाखवू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. शेवटी मामीच्या बांगड्या गहाण पडल्या. तो दिवस मी विसरलेले नाही.

आता भाडं. महिना नऊ हजार धरा. भाडेकरू बदलताना वर्षात एखादा महिना घर रिकामं राहतंच, म्हणून अकराच महिने मोजा: ९९ हजार. घरपट्टी, रंग, मोटार दुरुस्तीला पंधरा हजार काढा. उरले ८४ हजार. सगळा खर्च धरून घर पडलं जवळपास पावणेतेहतीस लाखांना, म्हणजे परतावा अडीच टक्क्यांच्या आसपास. बँकेतली ठेव याहून जास्त देते! घराची किंमत वाढेल ही आशा असतेच, पण गहाणाचं व्याज आशेवर फिटत नाही. एक दिलासा आहे: तुम्ही भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सूट आयकरात मिळते, पावत्या दाखवाव्या लागत नाहीत.

इथे ‘भोग्य’ नावाचीही पद्धत आहे. भाडेकरू एकदम चार-पाच लाख देतो, दोन-तीन वर्षं भाडं न देता राहतो आणि जाताना सगळी रक्कम परत घेतो. तंबाखूच्या लिलावानंतर एकरकमी पैसा हातात येणाऱ्या या तालुक्यात ते सोयीचं वाटतं. पण पाच लाख सात टक्क्यांनी ठेवले तरी महिन्याला तीन हजारसुद्धा सुटत नाहीत. आणि खर्च करून बसलात, तर मुदत संपल्यावर आणणार कुठून? मामालाही अशी एक विचारणा आली होती. बांगड्या सोडवायचा मोह झाला त्याला. मामीच नको म्हणाली.

करार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर त्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून सगळीकडे अकरा महिन्यांचे कागद दिसतात. महाराष्ट्रात घर असेल तर ही पळवाट नाही. तिथे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची.

खरेदीआधी ई-खाता मागा, आणि तो ए आहे की बी तेही बघा. बोजा दाखला ‘कावेरी’ पोर्टलवर निघतो. स्वस्तात मिळणारी ‘रेव्हेन्यू साइट’ म्हणजे बिगरशेती न केलेल्या जमिनीचे तुकडे. तिथे बयाणा देण्याआधी वकिलाला गाठा.

मामाच्या घरात आता एक शिक्षिका राहतात. पहिल्या पाच महिन्यांच्या भाड्यातून दोन बांगड्या सुटल्या, दोन अजून बँकेतच आहेत.